ओळखपत्रावरची प्रिया

नेरूळ,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिया,

पत्र लिहायची सवय मोडून इतकी वर्षं झाली, की मायन्यातच दहा मिनिटं गेली. शेवटी ऑफिसात मारतो तीच हाक कागदावर मारली आहे. पत्राची कल्पना धर्मराजची. तुझा नंबर बंद, मेलला उत्तर नाही, तेव्हा तो म्हणाला, "अरं, फोन कापता येतो. पत्र फाडायच्या आधी मानूस वाचतोच. लिव." तुझ्या भावाचा लातूरचा पत्ताही त्यानेच दिला. मला दिला नव्हतास, त्याला दिला होतास, हे मी लक्षात ठेवलं आहे.

तू डिसेंबरात टेबलावर ओळखपत्र ठेवून गेलीस त्याला आता दीड महिना झाला. का गेलीस, हे खरंच कळलं नाही. बापट आजी गेल्या त्याचं तुला लागलं असणार, हे समजतं. दोन महिने त्यांच्या सानपाड्याच्या घरी तू स्वतः राबलीस. पण नर्सने प्रत्येक पेशंटमागे असं काम सोडलं तर घरोघरी नर्स पुरवणारं आपलं 'हातभार' बंदच करावं लागेल की नाही?

तुझ्यामागे इथे काय चाललंय ते सांगतो. बेचाळीस मुलींचं वेळापत्रक मी लावतोय, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतोय. कोणत्या मुलीला कोणतं घर झेपेल हे तुला नुसतं बघून कळायचं. मी परवा पाठदुखीवाल्या मुलीला नव्वद किलोच्या काकांकडे पाठवलं. धर्मराज तर माझ्याशी मोजकंच बोलतो.

आता कामाचं. नव्या सेवा-व्यवसायांना मदत करणाऱ्या त्या संस्थेकडे आपण अर्ज केला होता, आठवतं? आपण शेवटच्या पाचात आहोत! तळोजा आणि पनवेलला शाखा निघतील, मुलींचं ट्रेनिंग सेंटर होईल. २८ तारखेला मुलाखत आहे आणि त्यांची एकच अट आहे, तिन्ही संस्थापक समोर हवेत. आपण तिघं तीन तऱ्हेचे आहोत हेच त्यांना आवडलं आहे. खरंच आहे ते. मी एकटा होतो तेव्हा सोसायट्यांमधून अकरा घरांपुढे सरकलो नव्हतो. तू तळोज्याच्या वस्तीतून शिकलेल्या मुली आणल्यास, धर्मराजने गाड्या आणि गावठाणातली घरं आणली, तेव्हा कुठे गाडा हलला.

२८ ला ये. एवढंच मागतो. रुसवा-फुगवा नंतर काढू.

तुझा,
प्रसाद


लातूर,
८ फेब्रुवारी

प्रसाद,

जय भीम. साडेचार वर्षांत तुला हे पहिल्यांदाच म्हणते आहे. ऑफिसात मी गुड मॉर्निंग म्हणायचे.

फोन करणार नाही. फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस आणि मी पण हसते. कागदावर ते जमत नाही, म्हणून पत्रच बरं.

का गेले, कळलं नाही म्हणतोस. मग ऐक. बापट आजींच्या तेराव्याहून मी थेट ऑफिसला आले होते. रविवार होता, कुणी नव्हतं. कागद हवा होता म्हणून तुझा खण उघडला. त्यात त्या संस्थेच्या अर्जाची प्रत होती. तुझं इंग्रजी चांगलं, म्हणून अर्ज तूच भरला होतास, मी फक्त शेवटी सही केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. 'संस्थापकांची पार्श्वभूमी' असा रकाना. त्यात माझं नाव: संघप्रिया सिताराम सोनकांबळे. पुढे बौद्ध, घरातली पहिली पदवीधर, वडील तळोज्याच्या केमिकल कारखान्यात कामगार. सगळं बरोबर, एकही चूक नाही.

आणि माझ्या गळ्यात तू छापलेलं कार्ड होतं. त्यावर: प्रिया.

दोन वर्षांपूर्वी कार्डं आली तेव्हा तू म्हणालास, "आपल्याकडे कुणाचंच आडनाव नको, सगळ्या सारख्या." मला केवढं बरं वाटलं होतं! मीच मुलींना ट्रेनिंगच्या वर्गात सांगितलं, बघा गं, सर किती पुढारलेल्या विचारांचे आहेत. माझं नाव मात्र आडनाव काढूनही भागेना, म्हणून तू ते पुढूनही कापलंस. तेव्हा म्हणालास, कार्डावर मावत नाही. धर्मराज मावला. मुलींतली क्षितिजा मावली.

जिथे माझं नाव दाखवून नुकसान, तिथे मी प्रिया. जिथे दाखवून फायदा, तिथे बापासकट संघप्रिया. २८ तारखेला कुणाला बोलावतोयस, तेवढं कळव.

आणि एक विचारते. बापट आजींकडे मला पाठवताना तू म्हणाला होतास, "जुन्या वळणाच्या आहेत, त्यांनी तसं सुचवलंय, जरा सांभाळून घे." त्या नक्की काय म्हणाल्या होत्या? त्यांचे शब्द लिही, तुझे नकोत.

संघप्रिया


नेरूळ,
१२ फेब्रुवारी

संघप्रिया,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चुकलो, मान्य. सोबत नवीन कार्ड पाठवतो आहे. पूर्ण नाव आहे, बघ, मावलं. दुसऱ्याच दिवशी वाशीला जाऊन छापून आणलं.

पण माझीही बाजू ऐकून घे. धंदा लोकांच्या घरात शिरून करायचा आहे. नुसतं घरात नाही, स्वयंपाकघरात, देवघराशेजारी, अंथरुणाशी. लोक फोनवरच विचारतात, मुलगी कुठली, कोणाची. मी काय करणार? भांडत बसलो असतो तर तुझ्याच मुलींची कामं गेली असती. मी ते घोट गिळले म्हणून बेचाळीस घरं चालली. बापट आजीही त्याच पिढीतल्या. "आमच्याकडे सगळं रीतीचं असतं, मुलगी बघून पाठवा," असं काहीसं म्हणाल्या. नेमके शब्द कसे आठवतील?

अर्जाचं म्हणशील तर त्यात खोटं काय लिहिलं? आपण आहोतच वेगवेगळे, आणि त्यामुळेच वाढलो. ते सांगायचं नाही का?

मी स्वतः तसला नाही, हे तुला माहीत आहे. बाबा आजारी होते तेव्हा तू आमच्या घरी महिनाभर होतीस. आईच्या पंक्तीला जेवलीस. आई अजून विचारते, प्रिया कशी आहे म्हणून.

झालं गेलं गंगेला मिळालं. कार्ड गळ्यात घाल आणि ये.

प्रसाद


लातूर,
१७ फेब्रुवारी

प्रसाद,

कार्ड मिळालं. माझ्या भावाच्या, आकाशच्या पोरीने ते घेऊन दिवसभर डॉक्टर-डॉक्टर खेळलं. फोटो बरा आलाय.

आता मी लिहिते ते कुणाला सांगितलेलं नाही. आकाशलाही नाही.

बापट आजींकडे चौथ्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "प्रिया, तुझं आडनाव काय गं?" माझ्या कानात तुझं 'सांभाळून घे'. मी म्हणाले, सावंत. कुठले? मी म्हणाले, कणकवलीकडचे. का म्हणाले, देव जाणे. कोकण मी जन्मात पाहिलेलं नाही.

आणि नेमकं त्यांचं माहेर त्याच बाजूचं निघालं! म्हातारीला केवढा आनंद झाला. मग रोज सुरू. तुमच्या अंगणात काय आहे? रातांबा आहे, म्हणाले. गणपतीला कोण कोण येतं? मी बाथरूममध्ये जाऊन फोनवर गावांची नावं बघायची आणि बाहेर येऊन सांगायची. त्यांनी घरचं कोकमाचं आगळ मागितलं तर नेरूळच्या बाजारातून बाटली घेतली, लेबल सोलून काढलं आणि "आईने पाठवलंय" म्हणून दिली. त्या चाटून खायच्या. आल्यागेल्याला सांगायच्या, ही आमची सावंतीण. जाण्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाल्या, "बरी झाले की तुझ्या आईला भेटायला जाऊ." मी हो म्हणाले.

तेराव्याला त्यांच्या मुलाने नातेवाईकांशी ओळख करून दिली, या प्रिया सावंत. कणकवलीचे एक काका पुढे आले, कोणत्या वाडीतले म्हणून विचारायला लागले. मी फोन आल्याचं नाटक करून पळाले. चपला हातात घेऊन तीन मजले उतरले रे.

माझ्या बापाचं नाव सिताराम. त्याच्या बापाने ठेवलेलं. तो म्हणायचा, माझं नाव ठेवताना कुणी विचार केला नाही, पोरीचं मी विचार करून ठेवीन. शाळेत बाईंनी हजेरीत एकदा 'प्रिया' म्हटलं तर पाळी बुडवून शाळेत आला आणि हात जोडून म्हणाला, बाई, पूर्ण घ्या. आणि मी चौतीस वर्षांची बाई एका म्हातारीपुढे त्याला गिळून बसले. तुझा राग आला होता, पण नंतर जी लाज वाटली ती माझी मलाच. म्हणून कार्ड ठेवलं आणि निघाले. मुलींना तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

एक वाटतं. त्या तसं म्हणाल्या असतील तर माझा थोडा तरी नाइलाज होता. म्हणून पुन्हा विचारते. काय म्हणाल्या होत्या?

संघप्रिया


नेरूळ,
२१ फेब्रुवारी

संघप्रिया,

काही म्हणाल्या नव्हत्या.

हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. आता एकदा लिहिलं आहे तर सगळंच लिहितो.

मी पहिल्या भेटीला एकटा गेलो होतो. बापट आजींनी तीन गोष्टी विचारल्या. मुलगी चिडकी नाही ना? उचलताना दुखवणार नाही ना? जरा बोलकी आहे ना, कारण मुलगा-सून दिवसभर बाहेर असतात. मी सगळ्याला हो म्हणालो आणि निघताना माझं मीच जोडलं, "आणि काळजी करू नका, मुलगी आपल्यातलीच आहे."

त्या म्हणाल्या, "ते मी कुठे विचारलं?"

मी हसलो. नेहमीसारखा. वेळ मारून नेली आणि लिफ्टमध्ये शिरलो. खाली येऊन तुला फोन केला, त्या जुन्या वळणाच्या आहेत म्हणून.

तुझं पत्र आल्यावर मी जुन्या पहिल्या भेटी आठवायला बसलो. नीट आठवतात अशी चौदा घरं निघाली. दोघांनी विचारलं होतं, एकाने तोंडावर, एकाने आडून. बाकी बारा घरांना मी न विचारताच उत्तर देऊन आलो होतो. त्यांतल्या किती जणांनी विचारलं असतं माहीत नाही, विचारलं असतंही. पण मी त्यांना ती संधीच दिली नाही. माझंच मन काळं होतं आणि मी ते त्यांच्या माथी मारलं.

आणि सुरुवात धंद्यात झालीच नाही. बाबांना घरी आणलं त्या दिवशी तू दारात उभी होतीस आणि आईने मला आत बोलावून विचारलं, नर्सचं नाव काय रे? तू तर मला पूर्ण नाव सांगितलं होतंस. मी म्हणालो, प्रिया. आईने आणखी काहीही विचारलं नाही. आईच्या पंक्तीला जेवलीस असं तुला मोठ्या दिमाखात लिहिलं ना मी? ती प्रिया जेवली. आईला संघप्रिया माहीतच नाही. काल सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला फसवलंस ते फसवलंस. त्या मुलीला काय वाटलं असेल?" तुझं नाव मी माझ्या घरात, माझ्या तोंडाने कापलं, आणि पुढे ते छापून तुझ्याच गळ्यात घातलं.

बापट आजींशी तू खोटं बोललीस ते माझं खोटं होतं. तुला त्यांच्याशी खरं बोलता आलं असतं. ते मी हिरावून घेतलं आणि आता परत देताही येत नाही. तुझ्या दुसऱ्या पत्रानंतर मला स्वतःची किळस आली, हे अतिशयोक्ती न करता लिहितो आहे.

२८ ला ये, असं आता म्हणत नाही.

प्रसाद


लातूर,
२५ फेब्रुवारी

प्रसाद,

पत्र वाचून मी तुला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. आकाशची बायको घाबरून बाहेर आली. मग रडले. बापट आजींसाठी आधी रडले नव्हते, ते आता रडले. बोलक्या मुलीची हौस होती बिचारीला आणि मी नुसतं खोटंच बोलत राहिले.

खरं लिहिलंस ते बरं केलंस. शाबासकी मागू नकोस.

२८ ला येणार नाही. त्या खुर्चीवर बसले तर पुन्हा तुझ्या अर्जातला रकाना भरल्यासारखं होईल. मदत मिळाली नाही तर मुलींचं काय, हा विचार मी केलेला आहे. तो मला शिकवू नकोस. धर्मराजला सांग, त्याच्यावर राग नाही.

संघप्रिया


नेरूळ,
२ मार्च

संघप्रिया,

मुलाखत झाली. तू उत्तराची वाट पाहत नसशील, तरी लिहितो, कारण दुसरी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगावी कळत नाही.

२८ ला आम्ही दोघंच गेलो. समितीवर क्षिप्रा नावाच्या बाई मुख्य होत्या. त्यांनी विचारलं, तिसऱ्या संस्थापक कुठे आहेत? मी तयारी केली होती, आजारी आहेत म्हणायची. होय, तोपर्यंतही तयारी होती. पण धर्मराज माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं, त्या नाहीत, कारण मी त्यांचं नाव कापून लोकांच्या घरात पाठवलं आणि तुमच्या अर्जात पूर्ण लिहिलं. बाई म्हणाल्या, आधी घर सावरा, मग या. आपलं काम झालं नाही. जिन्यात धर्मराज म्हणाला, "आता तरी खरा बोललास. पन उशीर केलास हां." दोनच वाक्यं, पण एवढंही तो दोन महिन्यांत मनापासून बोलला नव्हता.

आता ती दुसरी गोष्ट.

काल शनिवारी सगळ्या मुली जमल्या होत्या. मी सगळ्यांची नवी कार्डं छापून घेतली होती, पूर्ण नावांची. पुढे उभा राहिलो, चूक कबूल केली, म्हटलं आजपासून 'हातभार'मध्ये कुणी आपलं नाव लपवायचं नाही. आणि एकेकीचं पूर्ण नाव वाचून कार्ड द्यायला लागलो. मनात कुठेतरी वाटत होतं, टाळ्या पडतील. लिहितानाही शरम वाटते.

सोनम वाघमारे पुढे आली. कार्ड घेतलं, वाचलं आणि माझ्या टेबलावर परत ठेवलं. हळूच म्हणाली, "सर, मला जुनंच द्या ना. मी जाते तिथले आजोबा माझ्याच हातचं खातात आता. सहा महिने झाले, सगळं नीट चाललंय. उगाच कशाला टेन्शन?"

मी म्हटलं, अगं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

ती म्हणाली, "लाजत नाय सर. पण तुमीच तर आमाला शिकवलं."

तिच्यामागून आणखी सात जणींनी कार्डं पालथी घालून टेबलावर ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. नवं कार्ड सक्तीने घालायला लावलं तरी हुकूम माझाच, जुनं राहू दिलं तरी मेहेरबानी माझीच. ती आठ कार्डं अजून तशीच टेबलावर आहेत.

सोनमला काय सांगू?

प्रसाद


लातूर,
६ मार्च

प्रसाद,

सोनमला तू काही सांगू नकोस. समजावू नकोस आणि माफीही मागू नकोस. तू बोललास की तिला 'हो सर' म्हणावं लागेल.

तुम्ही शिकवलं, असं ती तुला म्हणाली, कारण तू समोर होतास. शिकवलं मी. वर्गात पुढे उभी राहून, गळ्यात प्रिया लटकवून. दोन वर्षं त्या मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि ठरवलं, मॅडमनी केलं म्हणजे असंच करायचं असतं. तुझं पाप तू लिहून मोकळा झालास. माझं तिथे आठ जणींच्या रूपाने उभं आहे आणि मी इथे भावाच्या घरी शेंगा सोलत बसले आहे.

सोमवारी सकाळी नऊला ऑफिसात पोहोचते. त्या आठ जणींना तेवढ्या वेळेला बोलावून ठेव. भागीदार म्हणून परत यायचं की नाही, ते नंतर बघू, त्याची आशा धरून बसू नकोस. त्यांनी कोणतं कार्ड घालावं हेही मी सांगणार नाही. मला फक्त त्यांना बापट आजींकडे मी काय काय खोटं बोलले ते सांगायचं आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता.

सांगताना मला फार लाज वाटणार आहे. तेव्हा तू तिथे थांबू नकोस.

संघप्रिया